वडप्याचा जाम आणि खाडीचं चाक

आई, तुझी धाकटी आता खाडीच्या पाण्यावर वीज काढते. हे ऐकून तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. भरती-ओहोटीच्या धारेत फिरणारं चाक मी नारपोलीच्या वर्कशॉपमध्ये बनवलंय, म्हणजे खरं तर सरकारनेच बनवून घेतलंय. समुद्राच्या पाण्यातून वीज काढायच्या तंत्रासाठी सरकार निधी देतं. पहिला हप्ता चाकात गेला. दुसरा द्यायचा की नाही, ते समिती चाक फिरताना बघून ठरवणार होती. नाही मिळाला तर चाक भंगारात आणि मी पुन्हा पॉवरलूम दुरुस्त करायला मोकळी.

समितीला मी भरतीचं पाणी जोरात चढतानाची वेळ दिली होती. समुद्राचा हिशेब चोख केला आणि वडपे नाक्यावरच्या ट्रॅफिक जामचा विसरले, तेही भिवंडीत जन्मून. साहेबांची गाडी कंटेनरांमागे अडकली. ते खाडीकाठच्या आपल्या अंगणात उतरले तेव्हा भरती पुरी होऊन पाणी थांबलेलं, चाकही थांबलेलं. ओहोटी लागली की ते उलटं फिरणार, पण त्याला अजून अवकाश होता. मोठे साहेब घड्याळ बघत म्हणाले, "मॅडम, हमें आगे भी जाना है." तेवढ्यात मदतीला माहेरी आलेली आपली ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बसा साहेब, भाकरी तव्यावर हाय. जेवल्याबिगर आमच्या घरातून कोन जात न्हाय."

ताईला बघायला पाहुणे आले होते, तो दिवस आठवतो ना तुला? बाबा शिफ्टवर, पाहुण्यांना घाई. तू चुलीपुढे बसलीस आणि एकेक भाकरी गरम गरम वाढत राहिलीस, पहिली संपायच्या आत दुसरी ताटात. मी शहाणी हात धुवायला पाणी घेऊन गेले, तर तू डोळे वटारलेस. "पाव्हन्याला पानी लवकर दाखवायचा न्हाय, पानी दिसला का तो उठतो." बाबा येईपर्यंत कोणी उठलं नाही, आणि लग्न तिथेच ठरलं.

ताई आता तेच करत होती. मोठे साहेब शाकाहारी निघाले, त्यांना वालाचं बिरडं, बाकीच्यांना बोंबलाचं कालवण. साहेब "बस, बस" म्हणत ताटावर हात आडवा धरायचे, ताई हाताच्या बाजूने भाकरी सरकवून परत चुलीकडे जायची. शेवटी आमचा फिटर बाहेरून ओरडला, "मॅडम, घूम रहा है!" साहेब खरकट्या हातानेच धावले. चाकाला जोडलेला खांबावरचा दिवा लागला होता. दुसरा हप्ता मंजूर झाल्याचं गेल्याच आठवड्यात कळलं.

एक मात्र मी कोणाला सांगितलेलं नाही. सगळे बाहेर पळाले तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिले. ताई चुलीपुढे बसली होती, आणि पाठमोरी ती अगदी तुझ्यासारखी दिसते. तुझी फार आठवण आली गं. साहेबांसमोरच्या ज्या पहिल्या फेऱ्यासाठी इतकी वर्षं झिजले, तो मी बघितलाच नाही.