शालीला लावायची पिन

३ मार्च
रविवारी घरी न्या, डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन नीट झालंय. बायकोला मात्र त्याचं काहीच नाही. "घरी येऊन तरी काय करू?" म्हणाली.

४ मार्च
तिची एकच जुनी मागणी — माझ्या संग्रहातली एखादी पिन शालीला लावायला. तीस वर्षं मी वसकन् अंगावर जातोय: हात लावू नकोस! दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या, युरोपातल्या ब्राँझच्या पिना, सेफ्टी पिनसारखीच स्प्रिंग असलेल्या. लोक यांनीच कपडे अडकवायचे, बटणं कुठली तेव्हा! एकशे बारा आहेत माझ्याकडे आणि एकही कापडाला लागू दिली नाही. कद्रूपणाची हद्द. आता सगळ्यांत चांगली द्यायची — घोड्याच्या आकाराची, अखंड, टोक खाचेत घट्ट बसलेलं.

५ मार्च
उघडेना. मोडेल म्हणून संग्रहालयातल्या बाईंकडे नेली. "जोर लावू नका. अशा मिटलेल्या बहुतेक थडग्यांतून येतात. कुणीतरी शेवटची लावून दिलेली असते."
आणि मोडक्या?
"त्या रस्त्यात पडलेल्या. स्प्रिंग तुटली, माणूस पुढे निघून गेला."
मोडक्यांना मी जन्मभर नाकं मुरडली. अखंड, अखंड करत जमवलं ते हे! बसमध्ये पिशवी मांडीवर ठेववेना.

६ मार्च
चांगल्यांबरोबर नाइलाजानं आलेल्या मोडक्यांच्या डब्यातून एक काढली. साधी कमान, वर दोन रेघा. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, एका स्प्रिंगचं काय एवढं! नवी पोलादी तार, चार वेटोळी. जुन्या वस्तूला नवी तार — आमच्या पंथात महापाप. या वेडातला माझा जोडीदार, भिंगवाला, डोक्याला हात लावून बसला. "मातेरं केलंस. आता हिला कुत्रं विचारणार नाही." न विचारू दे.

८ मार्च
घरी आली. शालीला पिन मीच लावली. "आता कशाला हे," एवढंच बोलली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

१९ मार्च
अजून पडूनच असते. शाल पांघरून, पिन लावून. डॉक्टर म्हणतात, चालायला लावा. ऐकेल तर ना! मला भीती वाटते.

२ एप्रिल
अंघोळ करून आलो तर खाट रिकामी. धाबं दणाणलं! तासाभरानं आली — बाजारातून, एकटी, चालत, हातात भाजीची पिशवी. चेहरा कावराबावरा. "पिन कुठेतरी पडली हो. कळलंच नाही. परत जाऊन शोधू का?"
राहू दे म्हटलं. पडली तिथेच राहू दे.