खाचा बुजवल्याबद्दल

१२ ऑगस्ट

आठ दिवसांत परत आणतो म्हणून यांचा पट उचलून नेलास, त्याला आज बारावा दिवस. माझं घर म्हणजे खेळांचं दुकान नव्हे, की आवडलं ते काखोटीला मारून चालू पडावं.

चि. खटपट्यास आजीचे अनेक आशीर्वाद. आधी बोलून घेतलं, म्हणजे आशीर्वाद देताना मन साफ राहतं.

इकडे सगळं आहे तसंच. माझे गुडघे आहेत तिथेच आहेत. यांची नजर पूर्ण गेल्याला आता तीन वर्षं होतील. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस. हातांना काम नसलं की शर्टाची बटणं काढत बसतात आणि परत लावतात. दुपारी तीन ते पाच पट मांडायचो, तेवढे दोन तास माणसात असायचे. खेळ यांनीच रचलेला, लाकडी घरं आणि चपट्या गोल सोंगट्याही यांच्याच हातच्या. चाळीस वर्षांत मला एकदासुद्धा लबाडी करू दिली नाही. डोळे होते तेव्हा नाही, गेले तेव्हाही नाही. मी सोंगटी एक घर सरकवली, की पटावरून बोटं फिरवून म्हणायचे, मागे घे.

बदल्यात तू जो नवा खेळ ठेवून गेलास, त्याचं नियमांचं पुस्तक माझ्या चौथीच्या पुस्तकाहून जाड आहे. आत दीडशे छापील पत्ते. नजर नसलेल्या माणसाला छापील पत्ते देणारा तूच पहिला. खोका मी कपाटाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवलाय. तिथे बरा बसलाय.

पट पाठव. सूनबाईच्या कंबरेचं कसं आहे ते कळव.

लोभ आहेच, पट आल्यावर वाढेल.

आजी

३१ ऑगस्ट

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून इतका हसलो, की ही स्वयंपाकघरातून बघायला आली. रागावू नकोस. महिना कसा गेला कळलंच नाही. ऑगस्टमध्ये मी त्रेचाळीस डाव खेळलो. वहीत तारीख, खेळाचं नाव, समोर कोण, जिंकलं कोण, सगळं लिहून ठेवतो. आमच्या प्रयोगशाळेतल्या लोकांशी जेवणाच्या सुट्टीत, रविवारी खेळांच्या मंडळात, एकदा तर दातांच्या डॉक्टरांशी, त्यांच्याच खुर्चीत बसून. संग्रह एकशे बारा खोक्यांवर गेला. पलंगाखाली जागा उरली नाही, म्हणून हिचं शिलाई मशीन गॅलरीत हलवलं. उजेडही मिळतो तिला.

पट मी मुद्दाम ठेवून घेतला. त्याची दशा बघवेना. प्रत्येक सोंगटीच्या कडेला चिरा, उंदराने कुरतडल्यासारख्या. रोज संध्याकाळी तेवढंच काम केलं. भुसा आणि सरस घालून सगळ्या चिरा बुजवल्या, पॉलिशपेपरने घासलं, तीन हात पॉलिश दिलं. मंडळातले लोक बघतच राहिले. आजोबांना दिसत नसलं, तरी हाताला किती मऊ लागेल बघ. त्यांना आधी सांगू नकोस, अचानक हातात ठेव. उद्याच पार्सल करतो.

कान पकडायचा राहू दे, लोभ असू दे.

तुझा खटपट्या

८ सप्टेंबर

पार्सल पोचलं. ते दोन तास होते, तेही गेले. जास्त लिहवत नाही.

आजी

१४ सप्टेंबर

ती. आजींना सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड यांनी चारदा वाचलं आणि खेळाच्या वहीत ठेवून दिलं. काय बिघडलं ते आम्हाला कळेना. मग पट आमच्या घरी आला त्या दिवशी मी काढलेले फोटो पुन्हा पाहिले. त्या चिरा सारख्या मापाच्या होत्या. काही सोंगट्यांना एक, काहींना दोन. यांना दाखवलं. तसेच ताटावरून उठले. त्यांना लिहायला जमत नाहीये, म्हणून मी लिहिते. पट परत पाठवलात तर फोटो बघून खाचा पुन्हा पाडून देतील. आमच्या हातून चूक झाली, क्षमा करा.

माझी कंबर बरी आहे. गॅलरीत मशीन जरा तिरकं बसतं, त्यामुळे दुखते, एवढंच.

आजोबांना नमस्कार. माया कमी करू नये.

आपली नातसून

२० सप्टेंबर

क्षमा तू कशाची मागतेस ग? भुसा तू भरलास का?

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद. आता हा कागद त्याच्या हातात दे आणि तू जाऊन पड.

खटपट्या, त्या खाचा उंदराच्या नव्हेत. नजर जाणार असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवसापासून वर्षभर हे कानस घेऊन बसायचे. स्वतःच्या सोंगटीला एक खाच, माझ्या सोंगटीला दोन. डोळे मिटून बोटाने तपासायचे, मनासारखी नसली की सोंगटी टाकून नवी घडवायचे. उजेड होता तोवर अंधाराची तयारी करून ठेवली माणसाने. ती तू घासून काढलीस.

अचानक हातात ठेव म्हणालास, तशी ठेवली. कडेवरून बोट फिरवलं. मग दुसरी घेतली. अशा चोवीसच्या चोवीस. मग म्हणाले, "काम चोख केलंय पोराने. पण हा पट माझा नाही." तुला कळवू नको म्हणाले, वाईट वाटेल त्याला. मी कळवतेय. वाटू दे.

पट पाठवणार नाही. मीच यांना म्हटलं, पुन्हा पाडून घेऊ खाचा. तर म्हणाले, माझे हात आता कानस धरण्याजोगे नाहीत आणि दुसऱ्याच्या हातची खाच बोटाला बोलत नाही.

तीन वाजता मी पट मांडते अजून. बोटं फिरवत नाहीत आता, चाल तोंडाने सांगतात, सोंगट्या मी हलवते. परवा मी माझी सोंगटी एक घर जास्त सरकवली. काही बोलले नाहीत. मग तीन घरं सरकवली. तरी नाहीत. मी जिंकले. रोज जिंकतेय.

दातांच्या डॉक्टरांसमोर बसलास. यांच्यासमोर एक डाव बसला असतास, तर पहिल्याच चालीला दिसलं असतं, बोट कुठे थांबतं ते.

लोभ काय, तो कुठे जातोय.

आजी

ता. क. या पत्राचं उत्तर सूनबाईने द्यायचं नाही. तिचं मशीन आत आण. मलाही लिहू नकोस. तू आपल्या हाताने यांना लिही, मी वाचून दाखवीन, एक अक्षर न गाळता. ती वही समोर घे आणि पहिल्या ओळीत लिही, यांच्याशी आजवर किती डाव खेळलास.