धुण्याचं पाणी धरून

मी, खाली सही करणारी, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाशिवाय आणि सकाळचा चहा पोटात गेल्यावर हे मृत्युपत्र लिहीत आहे. याआधीचं रद्द समजावं. तेव्हा मी अविवाहित होते, आता नाही.

आयुष्यभर मी वस्तूंचा पर्यावरणावरचा भार मोजला. कच्चा माल जमिनीतून निघतो तिथपासून वस्तू कचऱ्यात जाते तिथपर्यंत. मोजणी कुठे सुरू करायची, कुठे थांबवायची, त्या रेषेला आम्ही हद्द म्हणतो. माझे यजमान तेव्हा कागदी कपांचे कारखानदार होते. त्यांच्या कपापेक्षा चिनी मातीचा मग बरा, असं मी जाहीर केलं आणि हे तणतणत प्रयोगशाळेत आले. "बाई, तुमच्या हद्दीत भांडी घासणारं कुणी नाही का? गरम पाणी काय आभाळातून पडतं?" पाणी, साबण, वीज धरून पुन्हा मोजलं. चिनी मातीचा मग जिंकलाच, पण जेमतेम. त्यानंतर हे प्रत्येक अहवालावर भांडायला येत राहिले आणि पुढे पुढे अहवाल नसतानाही.

कलम एक. हे घर माझ्या भाचीचं. बहीण गेल्यावर ती इथेच लहानाची मोठी झाली. मात्र यजमान हयात असेपर्यंत त्यांना इथे राहण्याचा हक्क असेल. आमचं लग्न झाल्यापासून भाचीचं तोंड फुगलेलं आहे. "मावशी, उद्या घर त्या कपवाल्याच्या घशात जाईल," म्हणाली. पोरी, तुझी धास्ती मला कळते गं. पण त्यांनाही मी रस्त्यावर आणणार नाही. तुम्हा दोघांपैकी कुणालाही दुखवणं मला जमायचं नाही.

कलम दोन. बँकेतली शिल्लक, तराजू आणि वीज मोजायचं यंत्र भाचीला. नको म्हणाली तरी तिलाच.

कलम तीन. माझ्या जुन्या साहेबांना ती हिरवी पिशवी द्यावी. 'सहा महिन्यांत माती होते' असं तिच्यावर त्यांनीच छापायला लावलं होतं. मी तेव्हाच ती बागेत पुरली. परवा उकरून धुतली, अगदी नवीकोरी आहे. बाजारहाटाला उपयोगी पडेल.

कलम चार. यजमानांचा मग दिवसभर धुतला जात नाही आणि वर "भार कमी करतोय" असं ऐकवतात. माझ्यामागे त्यांना कुणीतरी दटावत जावं.

कलम पाच. माझ्यासाठी विमानाने आलेली फुलं नकोत, कुंपणावरची चालतील. रडणार असाल तर कापडी रुमाल घ्या. हसलात तर उत्तमच, त्याला धुणं लागत नाही.

सही: मोजणीवाली
साक्षीदार पहिली: शेजारची शिंपीण
साक्षीदार दुसरे: कपवाले, म्हणजे नवरा

(सहीखाली त्यांच्याच अक्षरात) वकील सांगून गेले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार व्हायचं नसतं, त्याचा वाटा बाद होतो. म्हणूनच सही ठोकली. हक्कबिक्क नको. भाचीने ठेवलं तर राहीन.

ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: नऊ नोव्हेंबर

(समासात, भाचीच्या अक्षरात) काका, वरची उजेडाची खोली तुमची. ही मी देतेय, मावशी नाही. त्यामुळे बाद होत नाही.