भूल उतरायची खोली

प्रिय मनी,

फोन केला नाही. केला की तुझी लेक उचलते आणि म्हणते, 'मावशी, आई झोपलीय.' सकाळीही तू झोपलेली असतेस आणि संध्याकाळीही. जन्मभर वॉर्डात पाळ्या केलेली बाई इतकी झोपत नाही, हे तिला माहीत आहे आणि मलाही. तुझे कान गेले, तू वॉर्ड सोडलास आणि फोनही सोडलास. मागच्या वेळी घरी आले तेव्हा मी काहीही बोलले की तू हसत होतीस. मी सांगत होते ती गोष्ट हसण्यासारखी नव्हती. म्हणून आता लिहिते. कागदावर तुला 'काय?' म्हणावं लागणार नाही आणि मला ओरडावं लागणार नाही.

मला काम लागलंय. प्राण्यांच्या दवाखान्यात, नर्स म्हणून. आधी हसून घे. आमच्या घरातले सगळे हसून झालेत. नणंद म्हणाली, 'जन्मभर माणसांचं केलंस, आता कुत्र्यांचं कर.' मुलगा म्हणाला, 'बरंय, निदान तुझी तक्रार तरी करणार नाहीत.' यांनी तोंडासमोरचा पेपर न हलवता विचारलं, 'चावलं तर भरपगारी रजा असते का?' असते. मी आधीच विचारून घेतलंय.

तू गेलीस त्यानंतर वर्षभरात आपला वॉर्ड बंद झाला, ते तुला कळलंच असेल. मी खूप ठिकाणी जाऊन आले. सगळे फार नीट वागले. 'तुमचा अनुभव दांडगा आहे बाई,' म्हणायचे आणि दारापर्यंत सोडायला यायचे. मग एकदा शेजारणीच्या मांजराला घेऊन या दवाखान्यात गेले, तर काचेवर चिठ्ठी लावलेली: नर्स पाहिजे. माणसांवरचं शिक्षण इथे पुरत नाही, म्हणून एक वर्ग केला. वर्गात सगळी माझ्या मुलाहून लहान. मला काकू म्हणायची आणि माझ्या शेजारी बसायला भांडायची, कारण बँडेज बांधायचा सराव निघाला की मी त्यांचंही बांधून द्यायचे.

दवाखाना लहान आहे. बाहेर बाकं. एका भिंतीला कुत्री, समोरच्या भिंतीला मांजरं, मध्ये काउंटर. आत तपासायचं स्टीलचं टेबल, त्यावर रबराची चटई. चटई नसली की पाय घसरतात, आणि घाबरलेलं जनावर आणखी घाबरतं. अगदी मागे भूल उतरायची खोली. ऑपरेशन झालं की तिथे आणून ठेवतात, जाग येईपर्यंत. जाड पडदा, मंद उजेड, खाली गाद्या. पहिल्या दिवशी काउंटरवरच्या मुलीनं 'मनी!' अशी हाक मारली आणि मी चटकन दाराकडे पाहिलं. एका गृहस्थांनी टोपली पुढे केली. इथे मनी बऱ्याच येतात. पण चालताना पाय वाजत नाहीत म्हणून मोठ्या सिस्टरांनी जिचं नाव मनी ठेवलं, अशी एकच. त्यांनी मला रेडिओ का म्हटलं, ते तुला सांगायला नको.

तो रेडिओच अंगाशी आला. डॉक्टरीणबाई उतारवयाच्या आहेत. केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. म्हणाल्या, 'आठवडाभर बघते. जमलं तर राहा.' पहिलाच पेशंट एक तपकिरी कुत्रा, शहाण्यासारखा टेबलावर बसलेला. मी त्याला धरलं, बाईंनी सुई उचलली, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, 'आता थोडंसं टोचेल हं.' कुत्रा असा उसळला की सुई एकीकडे, ट्रे दुसरीकडे. बाईंनी विचारलं, 'कुणाला सांगत होतात?' म्हटलं, 'त्याला.' म्हणाल्या, 'त्याला थोडंसं म्हणजे किती ते कळत नाही. तुमचा आवाज बदलला, एवढं कळतं.'

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आपल्याला पहिल्या वर्षी शिकवलं होतं ना, न सांगता सुई टोचायची नाही, पेशंटचा विश्वास जातो. ते हाडात मुरलंय. मी ओठ दाबून धरले, तर नाकातून 'हं' निघालं. तेवढ्यानंही मांजरानं ओळखलं. माझा हात बघशील तर कळेल. काउंटरवरची मुलगी म्हणाली, 'काकू, तुमच्या तोंडाला पण बसेल असं मुसकं आहे आपल्याकडे, देऊ का?' तिला हसू आवरेना. मलाही आलं, पण घरी जाताना बसस्टॉपवर उभी राहून विचार केला की हे काही आपलं काम नाही. आता घरी बसायचं. तुझ्यासारखं. हे लिहायला नको होतं, पण तेव्हा असंच मनात आलं, म्हणून लिहिते.

त्यानंतर एका करड्या मांजरीचं ऑपरेशन झालं आणि मला तिच्याजवळ मागच्या खोलीत बसवलं. भूल उतरताना कितीतरी जनावरं धडपडतात, डोकं आपटतात, टाके ओढतात. त्यांना आपण कुठे आहोत ते कळत नाही. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग काय करायचं ते कळेना. तेव्हा तू आठवलीस. वॉर्डातल्या शेवटच्या काळात तू पेशंटजवळ गेलीस की आधी हात ठेवायचीस. मनगटावर, पाठीवर, पांघरुणावरून बरगडीवर. आम्ही म्हणायचो, मनीची माया जास्त. माया होतीच. पण तू हातानं ऐकत होतीस. श्वास, कण्हणं, दाबून धरलेला हुंदका. खिडकीजवळच्या खाटेवरच्या त्या म्हाताऱ्या शिक्षकांना कमी दुखतंय की जास्त, हे ते सांगायच्या आत तुला कळायचं.

मी तुझ्यासारखा हात ठेवला. पूर्ण तळवा, बोटं न दाबता. मांजरीची बरगडी माझ्या हाताखाली वर गेली, खाली आली. खूप वेळ तेवढंच. मग शेपटीचं टोक हललं, कान हलला, डोळा अर्धा उघडला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हनुवटी माझ्या मनगटावर टेकवली. धडपडली नाही. मान वर केली तर डॉक्टरीणबाई दारात. 'हे कुणी शिकवलं?' मी म्हटलं, 'मैत्रिणीनं.' 'ती कुठे असते?' 'घरी.' 'का?' मी सांगितलं. डाव्या कानानं काहीच नाही, उजव्यानं अगदी थोडं, घंटी ऐकू येत नाही म्हणून गेली. बाई म्हणाल्या, 'इथले पेशंट घंटी कुठे वाजवतात?' आणि हात धुवायला गेल्या.

मला ठेवून घेतलं. आता मी तपासायच्या खोलीत असते. न बोलता धरायला जमू लागलंय. हे म्हणतात, 'घरी पण सराव कर.' संध्याकाळी पाय दुखतात, कपड्यांना सगळे वास येतात, आणि मला बरं वाटतं. खूप दिवसांनी नुसतं बरं वाटतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. ऑपरेशनं वाढलीत आणि मागच्या खोलीत बसायला माणूस हवंय. बाईंनी चिठ्ठी काचेवर लावलेली नाही. मी त्यांना लावू दिली नाही. तुलाही आठवडाभर बघतील, जमलं तर ठेवतील, दया-बिया काही नाही. तो स्वभावच नाही त्यांचा. वर्ग नंतर करता येतो, मी चौकशी करून ठेवलीय. त्या खोलीत काउंटरवरून बोलवायला घंटी होती. परवा वायरमन येऊन ती काढून गेला आणि तिथे दिवा बसवला. बटण दाबलं की लागतो. काउंटरवरच्या मुलीनं आणि मी इतक्या वेळा लावून पाहिला की बाई ओरडल्या. सोमवारी सकाळी ये. मागच्या फाटकानं ये, पुढे कुत्री असतात. लेकीला सांग, मावशीनं जागं केलं. तुझे पाय वाजत नाहीत, म्हणून मी दाराकडे बघत राहीन.

तुझीच,
रेडिओ
(आवाज कमी केलेला)