स्कीना नदीवर निघण्याआधीची निरवानिरव

मी, चंद्रहास वासुदेव मेहेंदळे, वय एकसष्ट, मूळ राहणार पुणे, सध्या राहणार आइंडहोवन, नेदरलँड्स, निवृत्त इंजिनिअर, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवत आहे. हे करण्यासाठी माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आहे तो न जाण्याचा. बायपास झालेल्या माणसाने कॅनडात जाऊन मासे पकडायला स्कीना नदीच्या गार पाण्यात कमरेपर्यंत उभं राहू नये, असं माझी पत्नी सौ. मृणालिनी आणि मुलगा चि. विराज यांचं म्हणणं आहे. सगळे उपाय थकल्यावर मृणालिनीने अखेरचा डाव टाकला. "जायचंच असेल तर आधी मृत्युपत्र करा," ती म्हणाली. आमच्या घरात जिवंतपणी मरणाचं नाव काढत नाहीत. माझ्या वडिलांनी विम्याच्या एजंटला उंबऱ्यातूनच परत पाठवलं होतं. त्यामुळे मी कच खाईन असा तिचा अंदाज होता. तो चुकला, हे या कागदावरून दिसेलच. विमान सप्टेंबरच्या अखेरीस आहे आणि मी जाणार आहे.

डच कायद्याप्रमाणे नोटरीपुढे करायचं ते वेगळं केलं आहे. हा कागद पुण्याच्या फ्लॅटसाठी आणि घरातल्या माणसांसाठी आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी ज्याच्यासाठी चाललो आहे तो स्टीलहेड हा ट्राउटच्या कुळातला मासा. नदीत जन्मतो, समुद्रात मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्या नदीत चढून येतो. तिथला सामन मासा अंडी घातली की मरतो. स्टीलहेड मात्र सगळे मरत नाहीत, काही परत समुद्राकडे वळतात. मुलगा मार्गी लागला, नोकरी संपली, आता खुर्चीत बसा, असं मला सांगणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

कलम १. पुण्याचा फ्लॅट आणि, नोटरीपुढे लिहिलं तसंच, आइंडहोवनच्या घरातला माझा हिस्सा मृणालिनीला. यात वादाचं काही नाही.

कलम २. माझी दोन हातांनी फेकायची लांब काठी, रीळ आणि पाण्यात उभं राहायचे रबरी कपडे आमचे शेजारी हेंक फान डेन बोर्न यांना. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा, ज्याला आम्ही फ्लाय म्हणतो, तो कसा फेकायचा हे मला हेंकने कालव्याच्या काठी शिकवलं. रविवारी सकाळी गळाऐवजी लोकरीचा गोंडा लावून मी फेकत बसायचो आणि सायकलवरचे लोक थांबून बघायचे. एकदा एका आजीबाईंनी मला विचारलं होतं, इथे मासा नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही का? ही सहल हेंकने आणि मी मिळून आखली होती. जेवणाच्या टेबलासमोर देवांच्या कॅलेंडरशेजारी स्कीनाचा नकाशा आहे तो त्याचाच. आता त्याचा गुडघा गेला. त्याने बोटीतली आपली जागा सोडली, पण मला माघार घ्यायला एकदाही सांगितलं नाही. म्हणून काठी त्याला.

कलम ३. फ्लायचा डबा विराजला. त्यातल्या जांभळ्या फ्लायवर जी सोनेरी तार आहे ती त्याच्या आईच्या फाटलेल्या शालूच्या काठाची जर आहे, आणि हिरवं पीस देव्हाऱ्यातल्या मोरपिसाचं. दोन्हींवरून घरात जे रामायण झालं ते त्याला आठवत असेलच. विराज टिलबर्गला मालाच्या गोदामांची आखणी करतो आणि प्रत्येक गोष्टीत जोखीम मोजतो. फोनवर म्हणाला, "बाबा, धिस इज नॉट नॉर्मल! हाउसआर्ट्सला विचारलंत का?" विचारलं. हाउसआर्ट्स म्हणजे आमचे इथले फॅमिली डॉक्टर, त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टर म्हणाले, जपून जा. जाऊ नका असं म्हणाले नाहीत. हा फरक माझ्या मुलाला कळावा म्हणून डबा त्याला.

कलम ४. माझे मेहुणे, मृणालिनीचे भाऊ श्री. दामोदर, राहणार वेंगुर्ले, यांना गॅरेजमधला फ्रीझर, रिकामा. मी शाकाहारी, पकडलेला मासा पाण्यातच सोडून देतो, यावर त्यांनी जन्मभर करमणूक करून घेतली. "भावोजी, त्यापेक्षा बाजारात जा, सुरमईला हात लावा आणि घरी या," हे त्यांचं वाक्य त्यांनी माझ्या साठीशांतीतही सोडलं नाही. माझ्या चुलत्यांनी उलट बाजूने झोडपलं. खात नाहीस तर जिवाला छळतोस कशाला, म्हणाले. दोन्हीकडच्यांना माझं उत्तर एकच आहे. तुमची परवानगी मागितली होती कोणी?

कलम ५. तिथेच माझं काही झालं तर देह इकडे आणू नये. तिथेच अग्नी द्यावा. भेटायला येणाऱ्यांपैकी जो कोणी "आम्ही आधीच सांगितलं होतं" असं म्हणेल, त्याला चहा देऊ नये.

इथवर लिहून कागद टेबलावर ठेवला होता. मृणालिनीने मेथी निवडता निवडता तो वाचला. मी भांडणाची तयारी करून समोर बसलो.

"यात एक भोक आहे," ती म्हणाली.

"कुठे?"

"आपण दोघं एकदमच गेलो तर घर कोणाचं, ते लिहिलंच नाहीत."

"दोघं एकदम कसे जाऊ?"

"अहो, हेंकची जागा रिकामी आहे ना बोटीत? तुम्ही तिकडे पाण्यात उभे आणि मी इथे फोनपाशी बसून राहू? ते काही मला जमायचं नाही."

मग तीच पुढे म्हणाली, "पण मी माझा मासा सोडणार नाही. तुमच्या घरी आले तेव्हा एकदा सगळेच सोडले. आता तुम्ही पकडून सोडताय, ते मी मुकाट बघतेय."

मी सांगितलं की स्टीलहेड सोडावाच लागतो, तसा तिथला कायदाच आहे.

"मग कुठला ठेवता येतो?"

"सामन. परवाना काढला तर."

"काढा."

म्हणून पुढची दोन कलमं.

कलम ६. आम्ही दोघं एकाच वेळी गेलो तर सर्व काही विराजला. त्याने जोखीम मोजत बसावं.

कलम ७. माझ्या आईच्या शब्दाखातर आमच्या घरात मासा शिजला नाही. वेंगुर्ल्याची मुलगी माझ्या घरात वरणभातावर राहिली आणि मी ते धरूनच चाललो होतो. यापुढे स्वयंपाकघर सर्वस्वी मृणालिनीचं. तिथे बांगडा शिजो, सामन शिजो, तिरफळाचा वास जिन्यापर्यंत जावो, माझ्यासकट कोणाही मेहेंदळ्याने नाक मुरडू नये. हे कलम माझ्या मरणाची वाट न बघता आज संध्याकाळपासून लागू आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि खालील दोघांच्या देखत सही केली.

(सही) चंद्रहास वासुदेव मेहेंदळे

साक्षीदार:
१. (सही) श्रीमती वसुधा कर्वे, राहणार आइंडहोवन
२. (सही) ऋषभ देवस्थळी, राहणार आइंडहोवन. हेंकला काठी मिळणार असल्याने त्याची सही घेतली नाही, यावरून तो नाराज आहे.

स्थळ: आइंडहोवन
दिनांक: २० ऑगस्ट २००६

ता.क. मजकूर वाचला. कलम ४ सोडून सगळं मान्य. फ्रीझर दामोदरला द्यायचा नाही. लागणार आहे.
— मृणालिनी