सासूबाईंचा सर्वांत सुरक्षित थर

५ जानेवारी, रविवार
संकल्प: या वर्षी श्रीमंत होणे. रोज नोएडाच्या ऑफिसात परदेशी बँकांच्या फायली तपासतो. कर्जांचे गठ्ठे बांधून विकायचं त्यांचं सीडीओ नावाचं प्रॉडक्ट मला तोंडपाठ आहे; तेच इथे करायचं. मित्र मुरलीधर मानेसरला कारखान्यात सुपरवायझर. त्याच्या बारा कामगारांना जुन्या बाइकसाठी कर्जं द्यायची. बारा कर्जांचा एक गठ्ठा, गठ्ठ्याचे तीन थर. हप्ते आले की आधी वरच्या थराला, मग मधल्याला, उरेल ते तळाला. बुडालं तर तळापासून बुडणार. म्हणून वर व्याज कमी, तळाला घसघशीत. एखादा बुडेल. बारा एकदम थोडेच बुडतात?

८ जानेवारी
तळ माझा, मधला मुरलीधरचा. वरचा सासूबाईंना विकला. गुडघ्याच्या ऑपरेशनचे तीन लाख. एफडीसारखंच ना, असं विचारत होत्या. म्हटलं, त्याहून सेफ. रेटिंग ट्रिपल ए, सर्वांत वरचं. कुणी दिलं? मीच.

९ जानेवारी
बायको म्हणते, बाराही एकाच कारखान्यात, मग बारा कर्जं कशी, एकच झालं. स्वरूपा शाळेत भूगोल शिकवते. तिला डायव्हर्सिफिकेशन, म्हणजे जोखीम विखुरणं, कळणं अवघड. सांगितलं, चौघे बिहारचे, तिघे राजस्थानचे, बाकी हरियाणाचे. वह्या तपासायला बसली. पटलं असावं.

१० मार्च
बाराही हप्ते आले. करोल बागेत जाऊन घड्याळ घेतलं. सासूबाई ऑपरेशनची तारीख ठरवत होत्या. म्हटलं, घाई कशाला, पैसा वाढू द्या.

२ जून
कारखान्याची मोठी ऑर्डर हातची गेली. मुरलीधर म्हणाला, टेन्शन नको यार, एकच शिफ्ट बंद झालीय. बाराही त्याच शिफ्टचे निघाले. योगायोग.

१० जून
हप्ते पाच. सासूबाईंना पूर्ण, मुरलीधरला अर्धं, मला शून्य. म्हणजे मॉडेल बिल्कुल बरोबर चाललंय.

१० जुलै
हप्ते शून्य. मॉडेलमध्ये ही ओळ नव्हती. मुरलीधरलाही काढलं. फोन उचलत नाही.

२० जुलै, रविवार
मानेसरला गेलो. बाराही खोल्यांना कुलूप. घरमालक म्हणाला, सब गाँव चले गए. कशाने गेले विचारलं. बाइकवर.

२७ जुलै, रविवार
सासूबाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. थर, हप्ते, शिफ्ट. वाटलं होतं, चिडतील. त्या म्हणाल्या, "मला तेव्हाही काही कळलं नव्हतं. तुम्ही म्हणालात म्हणून दिले." मग पिशवी घेऊन दुधाला निघाल्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी हात पुढे केला. त्यांनी कठडा धरला आणि एकेक पायरी उतरू लागल्या.