व्याह्यांना दाखवलेलं ब्रिटन

३ मे
ठरलं म्हणजे ठरलं. जुलैत व्याही येणार, त्यांना मोटारहोममधून, म्हणजे चाकांवरच्या घरातून, अख्खं ब्रिटन दाखवायचं. दहा दिवस. खाली कॉर्नवॉल, वर स्कॉटलंड, येता येता वेल्स. हेझल म्हणाली, तू जन्मात मोटारहोम चालवलेलं नाहीस. मी शांतपणे आठवण करून दिली, की माझी सगळी नोकरी कौन्सिलच्या रस्ते विभागात गेली. ती म्हणाली, रस्त्यावर नाही गेली डेझमंड, खुर्चीवर गेली. दुर्लक्ष केलं.

हेतू फक्त इथे लिहून ठेवतो. एलियटला, म्हणजे आमच्या एकुलत्या एका चिरंजीवांना, मोंटेव्हिडिओत, म्हणजे थेट उरुग्वेत, नोकरी चालून आली आहे. सूनबाई मिकाएला तिथलीच. अजून काही ठरलेलं नाही, असं दोघंही म्हणतात. तिच्या आईवडिलांनी एकदा आपला देश नीट पाहिला, की तेच पोरीला सांगतील, बाई गं, इथेच राहा. मला कोणाशी काही बोलावंच लागणार नाही. योजनेची खरी गंमत ती आहे.

१७ मे
‘परदेशी पाहुण्यांसाठी सूचना’ लिहायला घेतल्या. झकास जमतंय. गाडी डावीकडून. अरुंद रस्त्यावर समोरच्याने वाट दिली तर हात वर करून आभार. न केल्यास तो आयुष्यभर लक्षात ठेवतो. मुक्कामाच्या जागेवर शेजाऱ्याला ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं, त्यापुढे काही नाही. कोणी ‘या ना एकदा आमच्याकडे’ म्हणालं, तर जायचं नसतं.

हेझलने वाचलं. म्हणाली, हे शेवटचं काढ, त्यांना वाटेल आपल्याला ते नकोच आहेत. मी म्हणालो, उलट, यातून त्यांना आपली माणसं कळतील. ती म्हणाली, तीच तर भीती आहे.

६ जून
उरुग्वेहून उत्तर. विहीणबाई सुल्मा निवृत्त इंग्रजी शिक्षिका, त्यामुळे पत्रव्यवहार त्याच करतात. लिहितात, डेझमंड, तुमची सगळी पानं वाचली, तुम्ही आम्हाला बोलावताय की हाकलताय ते कळवा, म्हणजे तशी बॅग भरते. तिकडचा विनोद जरा उघडावाघडाच असतो.

व्याह्यांनी नुसता स्वतःचा फोटो पाठवला. काखेत थर्मास, अंगठा वर. त्यांचं नाव वॉशिंग्टन. तिकडे सर्रास ठेवतात म्हणे हे नाव. इंग्रजांना हरवणाऱ्याचं नाव घेऊन इंग्लंडात सोयरीक करताना माणसाने याचा विचार करायला हवा होता.

१० जुलै
गाडी ताब्यात घेतली. सात मीटर लांब. भाड्याने देणाऱ्या मुलीने गॅस, पाणी, बॅटरी, संडासाची पेटी, सगळं समजावलं. मी योग्य जागी मान हलवत होतो. हेझल मात्र दर वाक्याला प्रश्न विचारत होती, मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी तिने चालक म्हणून स्वतःचंही नाव लिहून दिलं. कशाला, विचारलं. म्हणाली, असू दे.

११ जुलै
प्रस्थान. बेत: दुपारचं जेवण स्टोनहेंजला, मुक्काम कॉर्नवॉलात. प्रत्यक्षात: दुपारचं जेवण स्विंडनजवळ, मोठ्या रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून. ट्रक सुसाट चालले होते, आम्ही घडीच्या खुर्च्यांवर बसून अंड्याचे सँडविच खात होतो. सुल्मांनी विचारलं, गाडी बिघडली का हो? म्हटलं, छे, आमच्याकडे असंच जेवतात. त्या म्हणाल्या, बाजूला एवढं गवत आहे, झाडं आहेत. मी म्हटलं, ते कोणाच्या तरी मालकीचं असेल.

वॉशिंग्टन येणाऱ्या प्रत्येक ट्रकला हात करत होते. ट्रकवालेही हात करत होते. मला कौन्सिलच्या सगळ्या कारकिर्दीत कोणी हात केला नाही.

मुक्काम सॉमरसेटमध्ये. कॉर्नवॉल उद्या.

१२ जुलै
पाऊस. कॉर्नवॉल परवा.

सकाळी संडासाची पेटी रिकामी करायला रांगेत उभा राहिलो. ही आपल्या संस्कृतीतली एक फार सुंदर गोष्ट आहे. प्रत्येकाच्या हातात ती पेटी, आणि सगळे हवेबद्दल बोलतात, खाली कोणी बघत नाही. मी वॉशिंग्टनना हे समजावणार, तेवढ्यात ते रांगेत सगळ्यांशी हस्तांदोलन करून मोकळे झाले. पेट्या हातात असताना! डॉनकास्टरचं एक जोडपं त्यांना म्हणालं, या ना चहाला. मी हळूच बजावलं, जायचं नसतं. ते गेले. हेझल आणि सुल्माही गेल्या. मी सूचना सुधारत बसलो. परत आले तेव्हा डॉनकास्टरवाला वॉशिंग्टनच्या गळ्यात हात टाकून चालत होता आणि त्याचे डोळे ओले होते. त्याने म्हणे मेलेल्या भावाबद्दल सगळं सांगितलं. परक्या माणसाला! काय ही वेळ आणली बिचाऱ्यावर.

१४ जुलै
डेव्हन. समुद्र. वाहनतळाच्या तोंडाशी लोखंडी कमान होती, तिच्यावर उंची लिहिली होती. ती ट्रकसाठी असणार, असं मी धरून चाललो. छपरावरच्या झरोक्याचं झाकण गेलं. आमच्यामागे गाड्यांची रांग लागली. मला मागे घेता येईना (मान दुखते), म्हणून त्या सगळ्यांना एकेक करून मागे जावं लागलं. एकानेही हॉर्न वाजवला नाही. एक म्हातारा तर खाली उतरून आम्हालाच ‘सॉरी’ म्हणाला. एवढा संताप इतक्या सभ्यपणे गिळणारा दुसरा देश दाखवा. सुल्मांना म्हणालो, बघितलंत? त्या म्हणाल्या, बघितलं, आमच्याकडे दोन शिव्या घातल्या असत्या आणि चौघांनी मिळून गाडी काढून दिली असती.

पुढे एका शेतकऱ्याच्या कुरणात गाडी उभी केली. समुद्राकडे तोंड, काचा बंद, बाहेर पाऊस, हातात चहा. माझ्या बाबांनी मला असाच समुद्र दाखवला, मी एलियटला असाच दाखवला. याहून सुख ते काय! तेवढ्यात सुल्मा म्हणाल्या, उतरायचं नाही? मी विचारलं, उतरून काय करायचं? त्या म्हणाल्या, अहो, समुद्र आहे ना! तिघंही गेले. हेझल बूट हातात घेऊन गुडघाभर पाण्यात उभी होती आणि वेड्यासारखी हसत होती. इतक्या लांबून हसू ऐकू येत नव्हतं, नुसतं दिसत होतं. मी गाडी सांभाळली. कोणीतरी सांभाळायला हवी.

छपराच्या भोकाला बिस्किटाच्या डब्याचं झाकण चिकटवलं.

१५ जुलै
आजचा प्रसंग त्रयस्थपणे लिहितो.

दोन्हीकडे डोक्यावर गेलेलं कुंपण, मध्ये गाडीएवढाच रस्ता. समोरून दुसरं मोटारहोम आलं. चालवणारा माझ्याच वयाचा, टोपीवाला, सभ्य. मी हाताने खूण केली, तुम्ही या. त्याने खूण केली, नाही नाही, तुम्ही या. मी म्हटलं, छे छे, आधी तुम्ही. दोघंही हसत होतो. एकमेकांच्या नाकाला नाक लावून उभ्या असलेल्या गाड्यांत कोण कुठे येणार, हा प्रश्न दोघांनीही काढला नाही. त्याच्यामागे ट्रॅक्टर, आमच्यामागे टपालाची गाडी, तिच्यामागे आणखी कोणी. पाऊण तास गेला. मी थर्मासमधला चहा ओतला, त्यानेही ओतला. एकमेकांना कप दाखवले.

मग सुल्मा उतरल्या. दोन्ही गाड्यांच्या मध्ये उभ्या राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, अहो, तुम्हा दोघांनाही गाडी मागे घेता येत नाही, एवढंच ना? मग तोंडाने सांगा की! त्यात मरायला काय झालं?

असा सन्नाटा मी कौन्सिलच्या सभेतही अनुभवलेला नाही. टोपीवाला लाल झाला. हेझल म्हणाली, सरक. मी सरकलो. मागच्या गाड्या मागे हटल्या, आणि तिने एका दमात, कुंपणाचं पानही न मोडता, गाडी थेट रुंद जागेपर्यंत मागे नेली. टपालवाल्याने टाळ्या वाजवल्या. टोपीवाल्याच्या बायकोनेही. मी सगळ्यांना मानेचं सांगितलं.

संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी सुल्मा शेजारी येऊन बसल्या. थेट म्हणाल्या, एलियटने जाऊ नये असं वाटतं ना तुम्हाला? मी म्हटलं, छे, पोरांचं पोरांनी ठरवावं. त्या म्हणाल्या, मला मिकाएला परत हवी आहे, मी तिला रोज फोनवर रडून सांगते, तुम्हीही सांगा ना त्याला, मग दोघं ऐकतील आणि काय ते ठरवतील. मी त्यांना स्टोनहेंजच्या रस्त्यावरच्या कोंडीबद्दल सविस्तर माहिती दिली. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. ब्रिटनचा प्रभाव पडू लागला आहे.

१६ जुलै
यापुढे हेझल चालवणार. मानेला विश्रांती. स्कॉटलंड रद्द, वेल्सही, कॉर्नवॉलही. उगाच धावपळ करून देश कळत नसतो. डेव्हनचा हा एक कोपरा नीट पाहिला, की ब्रिटन पाहिल्यासारखंच आहे.

१८ जुलै
एलियट आणि मिकाएला दोन दिवसांसाठी आले. वॉशिंग्टननी पोराला असं कवटाळलं की मला कुठे बघावं कळेना. मी खांद्यावर थाप मारली. दोनदा.

दुपारी मी पाण्याची टाकी भरायला नळावर गेलो, तर तो मागे मागे आला. नळ सोडला, पाणी पडत राहिलं. मग म्हणाला, बाबा, तुम्हाला काय वाटतं?

याच क्षणासाठी तर एवढं सगळं केलं होतं! वाक्य तयार होतं, जिभेवर आलं होतं. मी विचारलं, रेडिंगहून कसे आलात, मोठ्या रस्त्याने की मधल्या? तो म्हणाला, मोठ्या. मी म्हटलं, अरे, मधल्याने यायचं, शनिवारी मोठा रस्ता ब्रिस्टलपाशी तुंबतो. तो म्हणाला, बाबा, मी दुसरं विचारत होतो. मी म्हटलं, हो हो, परतताना मात्र मोठ्या रस्त्यावरून टॉन्टनला बाहेर पडा. टाकी भरून वाहायला लागली. त्याने नळ बंद केला, हसला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, बरं बाबा, टॉन्टनला बाहेर पडतो.

फार दिवसांनी बापलेकांत इतकं मोकळं बोलणं झालं. तो जात नाही, मी लिहून देतो.

२१ जुलै
व्याह्यांना विमानतळावर सोडलं. वॉशिंग्टन सर्वांदेखत रडले. सुल्मा म्हणाल्या, या आमच्याकडे, आणि मी हे खरोखरच म्हणतेय बरं का. मी म्हटलं, नक्की, नक्की, बघू कधीतरी. हेझलने विचारलं, कुठल्या महिन्यात येऊ? मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

एकूण दौरा यशस्वी. सूचनांत भर: छपराची उंची मोजून घ्यावी.

५ सप्टेंबर
ते जात आहेत. ऑक्टोबरात. कायमचे.

हेझलला एलियटचा फोन आला होता. मी म्हटलं, असं अचानक कसं ठरलं? ती भांडी पुसत होती. म्हणाली, अचानक नाही. मे महिन्यापासून त्याचं मन अर्धं इकडे, अर्धं तिकडे होतं. जुलैत डेव्हनला येताना त्याने मिकाएलाला सांगितलं होतं, बाबा नको म्हणाले तर मी थांबेन. आणि ती कबूल झाली होती. त्यासाठीच तो नळावर आला होता, डेझमंड.

मी म्हटलं, मग नीट विचारायचं होतं त्याने. हेझल म्हणाली, विचारलं की. मी म्हटलं, मला तू तरी सांगायचंस. ती म्हणाली, तुला? मी तीस वर्षं सांगतेय, तू मला रस्ते सांगतोस. मग तिने फडकं ठेवलं आणि वर निघून गेली.

गॅरेज आवरलं. आवरलेलंच होतं.

६ सप्टेंबर
फोन करायला वेळ गेलेली नाही. सरळ सांगणार, जाऊ नकोस. दोनच शब्द. त्याला काय लागतं?

२० सप्टेंबर
तो कामात असेल.

४ ऑक्टोबर
हे फोनवर बोलायचं नसतं. समोरासमोर बोलणार. विमानतळावर.

११ ऑक्टोबर
सकाळी कुंपणासमोर उभा राहून सराव केला. जाऊ नकोस हे आता शक्य नाही, तिकिटं झाली, सामान बोटीने गेलं. म्हणून बदललं: तू जाऊ नयेस असं मला वाटत होतं, तू मला हवा होतास. शेजारीणबाईंनी कुंपणापलीकडून विचारलं, काही म्हणालात का? मी म्हटलं, हवा छान आहे.

विमानतळ. हेझल रडली, मिकाएला रडली, दोघी एकमेकींना सोडेनात. मग एलियट माझ्यापुढे आला. त्याने मला मिठी मारली, वॉशिंग्टन मारतात तशी, घट्ट. तिकडे जायच्या आधीच शिकला. मला त्याच्या कॉलरचा वास आला. लहानपणी तापात असायचा तेव्हा त्याच्या मानेला यायचा तोच. सकाळचं सगळं वाक्य जिभेवर आलं. मी तोंड उघडलं. आणि म्हणालो, तपासणीला डावीकडच्या रांगेत उभा राहा, ती लवकर सरकते.

तो म्हणाला, बरं, बाबा.

काचेपलीकडे दोन रांगा दिसत होत्या. डावीकडच्या रांगेत पुढे कोणाची तरी बॅग उघडली होती, ती जागची हलेना. उजवी भराभर सरकत होती. मिकाएला त्याची बाही ओढून उजवीकडे बोट दाखवत होती. त्याने नाही अशी मान हलवली आणि डावीकडेच उभा राहिला.